सरोज हो म्हणते

३ फेब्रुवारी

आज सरोज माझ्याशी सहमत झाली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, ही घटना प्रथमच घडते आहे, म्हणून लिहून ठेवतो.

झालं असं. पडवळाच्या भाजीत डाळ कमी घाल, डाळीने भाजी गिचका होते, असं मी सकाळी म्हटलं. हे मी दर वेळी म्हणतो. दर वेळी ती म्हणते, "मग तुम्ही करा." आज तिने तोंड उघडलं, मिटलं, देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बरं." आणि खरंच डाळ कमी घातली. भाजी अगदी बेचव झाली होती. मी मुकाट्याने खाल्ली.

डायरी ऋजुताने आणून दिली आहे. ऋजुता म्हणजे आमची मुलगी, डोंबिवलीला असते. "बाबा, मनात ठेवू नका, लिहा," म्हणाली. मनात ठेवण्यासारखं काही नाही. डिसेंबरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, यकृतावर एक ठिपका उरला आहे, त्याच्यासाठी किमो चालू आहे. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. कोलशेतच्या कारखान्यात जन्मभर तयार माल तपासायचं काम केलं, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की आधी दोष दिसतो. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मी सरोजला पहिलं वाक्य बोललो ते "मुंडावळी वाकडी आहे" असं. तिने तिथेच उत्तर दिलं होतं, "तुमचा फेटाही." तेव्हापासून आमचं जे सुरू झालं ते कालपर्यंत चालू होतं.

९ फेब्रुवारी

पडवळ हा अपघात नव्हता. पंखा चारवर ठेव म्हटलं, ठेवला. पेपर आधी मी वाचणार म्हटलं, दिला. ऋजुताच्या नवऱ्याला काही कळत नाही म्हटलं, त्यावरही "असेल" म्हणाली. तो जावई तिचा लाडका आहे.

शेवटी मी हुकमी पान टाकलं. सरोज मूळची डोंबिवलीची. ठाणं मोठं की डोंबिवली, हा आमच्याकडचा जुना खटला. मी म्हटलं, "डोंबिवलीत आहे काय? एक तळंसुद्धा धड नाही." ह्या वाक्यावर पूर्वी एकदा ती माहेरी निघून गेली होती. आज तिचे कान लाल झाले. उठून गॅलरीत गेली आणि तुळशीला पाणी घालू लागली. तुळस सकाळीच तुडुंब झाली होती. पाणी खालच्या मजल्यावर ठिबकायला लागलं तरी ही घालतेच आहे.

परत आली आणि म्हणाली, "ठाणं मोठं आहे."

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

१४ फेब्रुवारी

आज किमो. माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलात खुर्च्यांची रांग आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत महिपत असतो, कोलशेत गावातला, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. त्याला जबड्याचा आहे. बोलताना त्रास होतो, पण त्याला बोलायची गरजच पडत नाही, कारण त्याची बायको रंगूबाई दोघांचं मिळून बोलते.

"हात हालवू नको बोललंय ना! नर्सबाय काय खेलाला आलीय? परवा गुपचूप तंबाखू मागत होता पोराकरं, लाज नाय वाटत! देवीनं ठेवलाय तर ठेवलाय, नायतर मीच धाडला असता."

महिपत डोळे मिटून हसत होता. आख्ख्या वॉर्डात त्याच्याइतका निवांत माणूस नव्हता. सरोज माझ्या बाजूला बसून रंगूबाईकडे टक लावून बघत होती. उपाशी माणूस मिठाईच्या दुकानाकडे बघतो तशी.

"बघ," मी म्हटलं, "नवऱ्याशी असं बोलतात का?"

"नाही बोलत," सरोज म्हणाली.

२० फेब्रुवारी

आता मला कळलं आहे. इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही?

आमचे काका गेले, त्याआधी महिनाभर घरातले सगळे त्यांना हो म्हणत होते. त्यांनी भर थंडीत फणस मागितला तर "हो काका, आणतो." काकूने जन्मात त्यांचं काही ऐकलं नव्हतं, ती पायाशी बसून मान डोलवायची. इतकं हो माणसाला मिळायला लागलं की त्याने ओळखावं.

डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलं आहे, जे मला सांगितलेलं नाही. काल ऋजुता आली होती. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होत्या. मी गेलो तर गप्प. ऋजुता एवढंच म्हणाली, "आई, किती दिवस करणार तू हे?" आणि सरोजने तिला चिमटा काढला. मी पाहिला.

मला भीती वाटते. आत्तापर्यंत वाटली नव्हती. रिपोर्ट वाचून वाटली नाही, ऑपरेशनला नेताना वाटली नाही. ही भाजीत डाळ कमी घालायला लागली तेव्हापासून वाटते.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सरोज कौपिनेश्वराला निघाली. हल्ली दर सोमवारी जाते, आज तर रांग तलावपाळीपर्यंत असणार. मी देव मानत नाही हे आख्ख्या नौपाड्याला ठाऊक आहे. मी दारातच म्हटलं, "दगडावर दूध ओतून काय होणार आहे?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन निघून गेली.

जन्मभर हिच्याशी देव आहे की नाही यावर भांडलो. आज तिने माझं मान्य केलं आणि मला वाटलं, असं नको. तिच्यापुरता तरी असू दे. ती परत येईपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

७ मार्च

परत किमो. तोंडाला पत्र्याची चव आली आहे आणि बोटांना गार पाणी सोसत नाही. पण आज वेगळीच गोष्ट कळली.

डबा खाताना रंगूबाईने नुसता भात आणि वालाची आमटी काढली. मी सहज विचारलं, कोलशेतचं घर आणि डब्यात मासे नाहीत?

"याच्यापायी म्हावरा सोरलाय मी," ती म्हणाली. "हा बरा होयीपरत हात नाय लावाचा, असा देवीला बोललंय. आवरीचा सोरावा लागतो, मगं देव ऐकतो. म्हनून त हा तोंडाचा पट्टा. म्हावरा नाय पोटान, डोका फिरणारच ना!"

महिपतने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला वाटलं तो वैतागला असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सरोजने तेवढ्यात पाण्याची बाटली भरायला म्हणून उठून जायचं ठरवलं. बाटली भरलेली होती.

१२ मार्च

पाच दिवस सरोजच्या खाण्यावर नजर ठेवून आहे. हा उद्योग शोभणारा नाही, पण सवय जात नाही.

चहा घेते, दोनदा. भात खाते. बटाटेवडा आणला तर दीड खाल्ला. शेव खाते. काल कैरीचं ताजं लोणचं घातलं आणि तिथेच उभ्याने तीन फोडी खाल्ल्या. म्हणजे हिने काहीही सोडलेलं नाही.

मी नवसबिवस मानत नाही. मानणाऱ्यांना हसतो. तरी वाईट वाटलं. रंगूबाईने म्हणे मासे सोडले. आमच्याकडे साधी शेवसुद्धा कुणी सोडू नये? अर्थात डॉक्टरांनी "उपयोग नाही" असं सांगितलं असेल तर बिचारी कशासाठी सोडणार?

३० मार्च

गुढीपाडवा. यंदा गुढी मी बांधली, वाकडी झाली. सरोज खाली उभी राहून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. "छान आहे," म्हणाली.

जेवताना मी शेवटचा उपाय केला. श्रीखंड चाखलं आणि म्हटलं, "तुझ्या आईला चक्का कधी बांधता आला नाही, तुलाही यायचा नाही."

हे वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. उच्चारू नये इतपत अक्कल मला आहे. सरोजच्या हातातला चमचा खाली पडला. ती उठली, न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात ती कुणाशी तरी बोलत होती. बराच वेळ. एकदा बादली जोरात आपटल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला, शांत, जवळजवळ टवटवीत.

रडली असणार. माझ्यामागे हिचं कसं होईल, ह्या विचाराने माझं जेवण गेलं. श्रीखंड फार सुरेख झालं होतं.

११ एप्रिल

डॉक्टरांना एकटं गाठलं. डॉ. योगिनी म्हणजे ऋजुतापेक्षाही लहान मुलगी आहे, पण कामाला चोख. मी म्हटलं, "मॅडम, मी माल तपासणारा माणूस आहे. बायकोला सांगितलंत ते मलाही सांगा."

"काका, वेगळं काही सांगितलंच नाहीये. स्कॅन होईपर्यंत मलाही माहीत नाही."

सराईत उत्तर. घोकून ठेवलेलं दिसतं.

१६ एप्रिल

आता आवराआवर करायला हवी. सरोजला आज गॅसचं सिलिंडर बदलायला शिकवलं. नॉब कसा बसवायचा, वास कसा घ्यायचा, सगळं दोनदा दाखवलं. ती शांतपणे उभी राहिली आणि "बरं, लक्षात ठेवीन," म्हणाली.

संध्याकाळी ऋजुता फोनवर म्हणाली, "बाबा, घरचं सिलिंडर मला आठवतं तेव्हापासून आईच बदलते." मी म्हटलं, असेल, पण चुकीच्या पद्धतीने.

२५ एप्रिल

आज स्कॅनचा निकाल. झालेलं सगळं जसंच्या तसं लिहितो.

डॉ. योगिनींनी फोटो लावला. यकृतावरचा ठिपका निम्म्याहून लहान झाला आहे. गेलेला नाही. किमो आता थांबवायची, गोळ्या चालू ठेवायच्या, तीन महिन्यांनी परत बघायचं. "काका, ह्याला आता बीपी-शुगरसारखं सांभाळायचं. तुमच्या वयाला हा फार चांगला निकाल आहे."

मला पाय हलके झाल्यासारखे वाटले. सरोजकडे पाहिलं तर ती पांढरीफटक.

"पण पूर्ण बरे कधी होणार हे?" तिने विचारलं.

"काकू, पूर्ण असं आम्ही ह्यात म्हणत नाही. आहे ते आटोक्यात ठेवायचं."

"म्हणजे पूर्ण असं कधीच नाही?"

"बहुतेक नाही. पण छान जगता येतं."

सरोज पदराने डोळे पुसायला लागली. डॉक्टर घाबरल्या, पाणी मागवलं. मी तिला धरून बाहेर आणलं आणि रिक्षात बसवलं. म्हटलं, "अगं, चांगला निकाल आहे. मी आहे अजून."

ती हुंदके देत म्हणाली, "म्हणजे आता जन्मभर?"

"जन्मभर काय?"

"गप्प बसायचं! हे पूर्ण बरे होईपर्यंत ह्यांना उलटून बोलणार नाही, असं मी कौपिनेश्वराला बोलले आहे. मला काय माहीत, पूर्ण असं काही नसतंच म्हणून!"

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

मी म्हटलं, "म्हणजे डॉक्टरांनी तुला काही सांगितलं नव्हतं?"

"काय सांगणार?"

"की मी जाणार आहे. म्हणून तू हो हो करतेस."

तिने तोंड उघडलं. मिटलं. मग हातातली पर्स माझ्या गुडघ्यावर दाणकन आपटली. हे उलटून बोलण्यात मोडत नाही, असं तिचं नंतरचं म्हणणं.

"अगं, पण असलं कुणी सोडतं का? लोक चहा सोडतात, भात सोडतात. रंगूबाईने मासे सोडले."

"आवडीची गोष्ट सोडायची असते," सरोज म्हणाली. "चहा मी सवयीने पिते. आंबा नाही मिळाला तरी माझं अडत नाही. देवासमोर उभी राहून खूप आठवून पाहिलं. तुमच्याशी भांडण्याइतकं मला दुसरं काही आवडतच नाही."

रिक्षा नितीन कंपनीच्या सिग्नलला उभी होती. मला रडू आलं. चारचौघांत येत नाही, आज आलं. सेहेचाळीस वर्षांत ही मला इतकं चांगलं काही बोलली नव्हती आणि मीही तिला बोललो नाही. रिक्षावाला म्हणाला, "काका, होईल सगळं बरं." मी म्हटलं, "होणार नाही असं आत्ताच कळलंय, चालव तू."

२७ एप्रिल

आता प्रश्न असा की सरोज नवस मोडायला तयार नाही. "तुमच्या जिवावर बोललेली गोष्ट आहे," म्हणते. म्हणजे मी जितका जास्त जगणार तितकी वर्षं ही गप्प. अशा जगण्याला काय अर्थ आहे? डाळ नसलेलं पडवळ खात बसायचं?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर गुरुजी राहतात. माझ्याच वयाचे. त्यांची मी चाळीस वर्षं चेष्टा करत आलो आहे. आज त्यांच्याकडे जावं लागलं. त्यांनी आधी मला चहा दिला, मग सगळं ऐकून पोट धरून हसले, मग पुन्हा गंभीर झाले.

"भाऊ, नवस मोडता येत नाही. पण घरातल्या माणसाने आपल्याकडे घेतला तर चालतो."

"असं शास्त्रात आहे?"

"शोधलं तर सापडेल. नाही सापडलं तर देवाला मी उत्तर देईन. पण अट तीच, आवडीचं सोडायचं."

मी म्हटलं, "मी कारलं सोडतो."

गुरुजींनी माझ्यापुढचा कप उचलून बाजूला ठेवला.

"बरं, पेपर सोडतो."

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं हे ह्या इमारतीत लहान पोरालाही माहीत आहे. आपलंच खरं करायला."

मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला की असं मुळीच नाही. मग माझ्याच लक्षात आलं.

२८ एप्रिल

सकाळी गुरुजी वर आले. सरोजने देव्हाऱ्यासमोर सुपारी ठेवली. मी तळहातावर पाणी घेतलं आणि सोडलं. मी बोललो ते असं: "सरोजचा नवस मी घेतला. ह्यापुढे तिच्याशी बोलताना आपलंच खरं करणं मी सोडलं." देव मानत नाही, पण एकदा बोललो म्हणजे बोललो.

गुरुजी म्हणाले, "झालं. वहिनी, तुम्ही मोकळ्या."

सरोजने देव्हाऱ्याला हात जोडले. मग माझ्याकडे वळली. "माझ्या आईच्या चक्क्याबद्दल," असं म्हणून तिने जी सुरुवात केली ती गुरुजींचा चहा निवला तरी थांबली नव्हती. पडवळ, पंखा, जावई, तुळशीतून ठिबकलेलं पाणी आणि सिलिंडर. सिलिंडरला सर्वांत जास्त वेळ लागला. तीन महिन्यांचा माल एकदम गोदामातून बाहेर आला. गुरुजी मधेच हळूच निघून गेले.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. मला महिपतचा चेहरा आठवला नाही, कुणाचाच आठवला नाही. फक्त बरं वाटत होतं. दुपारी पडवळाला डाळ पडली.

११ मे

वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणून आज आम्ही दोघं नौपाड्यातल्या दुकानात गेलो. मशीन सरोजने निवडलं. वरून कपडे टाकायचं नको, समोरून टाकायचं हवं, असं तिचं मत. ते चुकीचं आहे. मी "बरं" म्हटलं. गेल्या दोन आठवड्यांत मी इतक्या वेळा बरं म्हटलं आहे की ऋजुता मला विचारते, बाबा, तब्येत ठीक आहे ना?

दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, वॉरंटी दोन वर्षांची घेणार की पाच?"

"दोन," मी म्हटलं.

"पाच," सरोज म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. समजावून सांगायला लागलो की हे तब्येतीच्या दृष्टीने बोलतो आहे, मशीनच्या नाही. डॉक्टरांचे आकडे मी वाचले आहेत. ठिपका आहे तिथेच आहे. गोळ्या किती दिवस काम करतील कुणालाच माहीत नाही. त्र्याहत्तरचा माणूस. पाच वर्षांनी मशीन बिघडलं तर दुकानात भांडायला मी असेन, असं धरून चालणं शुद्ध वेडेपणा आहे. दोन म्हणजेसुद्धा मी सढळ हाताने धरतो आहे.

हे सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकीचा नव्हता. जन्मभर माल तपासला आहे, एवढं मला कळतं.

सरोज दुकानाच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही पाच वर्षं असणार आहात! माझ्याशी वाद घालू नका!"

दुकानातला मुलगा, मागचं गिऱ्हाईक, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याजवळ उत्तर होतं, आकड्यांसकट तयार होतं. जिभेवर आलं होतं. पण मी पाणी सोडलं होतं ना.

"बरं बाई," मी म्हटलं. "तुझंच खरं. पाच."